पोहता न येणाऱ्यांची नाव

फार फार पूर्वी, राजांची नावंही लोकांच्या लक्षात राहत नसत त्या काळी, एका नदीपलीकडे मोठी विद्याशाळा होती. तिथे जायचं तर ताडपत्रावर आपण केलेली एक गोष्ट लिहून द्यावी लागे. वयाची सोळा वर्षं सरली की दार बंद.

अलीकडच्या काठावर एक पंडित राहत. शाळेत ते स्वतः कधी गेले नव्हते. पण तिथे कसं शिरावं, हे अख्ख्या राज्याला तेच शिकवत.

कुंभाराच्या मुलीचं सोळावं सरत आलं होतं. बापाने तिला पंडितांपुढे बसवलं. पंडितांनी तिचं पत्र वाचलं : ‘मी चाळीस मडकी घडवली. एकतीस भट्टीत तडकली. का, ते मला शिकायचं आहे.’

पंडितांनी कपाळाला हात लावला. “अगं, फुटलेली मडकी कुणी मिरवतं का? लिही, पुरात वाहून जाणारं वासरू पोहत जाऊन वाचवलं.”

“मला पोहता येत नाही.”

“वासराला कुठे बोलता येतं? तक्रार कोण करणार?”

बाप काकुळतीला आला. “पोरी, लिही ना. सगळं गाव तेच लिहितं.”

“बाबा, नदीत इतकी वासरं पडतात, तर गावात दूध येतं कुठून?”

तिने पत्र उचललं आणि एक अक्षरही न बदलता नेऊन दिलं.

निवडीच्या दिवशी शाळेचे आचार्य नावेतून अलीकडे आले. एकशे बारा पत्रं वाचून झाली. एकशे अकरा वासरं वाचली होती. पूर मात्र सात वर्षांत एकदाही आला नव्हता.

आचार्यांनी मुलीला विचारलं, “तू काही मोठं का लिहिलं नाहीस? हे तुझं शेवटचं वर्ष ना?”

तिने मान ताठ केली. “जिथे माझी फुटकी मडकी चालत नाहीत, तिथे मला शिकायचंच नाही. परत जाईन, एकेचाळिसावं घडवीन.”

बापाने डोळे मिटून घेतले. आचार्य मात्र उठून नावेत बसले.

“वासरं वाचवणाऱ्यांना नाव कशाला? त्यांनी पोहत यावं. पलीकडे पोचेल त्याला प्रवेश. नाव ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी. ये मुली, बस.”

नाव निघाली. काठावर एकशे अकरा वीर एकमेकांकडे बघत राहिले. एकाने घोट्यापर्यंत पाय बुडवला आणि पाणी गार असल्याचं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी पंडितांनी काठावर पोहण्याची शिकवणी उघडली. पहिल्या धड्याला तेही काठावरच उभे होते.

तात्पर्य : आपलं फुटकं मडकं ताठ मानेने दाखवावं, उसन्या वासराची शेपटी धरून नदी पार होत नाही.