विसाजीपंतांचा सहाशेवा खिळा

"एक खिळा कमी!"

असं ओरडत विसाजीपंत कारकून मेण्याखालून रांगत बाहेर आले. पगडीला कोळिष्टकं, नाकाला खडू! राजकन्येच्या लग्नाचा मेणा तो, वरात पाच दिवसांवर आलेली. त्यासाठी चौकोनी डोक्याचे खिळे बाजारातून मुद्दाम घडवून आणले होते; सरकारी कोठीत तसले खिळे नव्हतेच. पंतांनी सकाळपासून एकेका डोक्यावर खडूचा ठिपका देत मोजणी चालवली होती.

"आणले सहाशे, मेण्यात भरले पाचशे नव्व्याण्णव!"

टेंभुर्णगडचे दुर्जयराजे मिशा पिळत उभे होते. राजे मनाने वाईट नव्हते हो, पण एकदा डोक्यात घेतलं की हत्तीनं ओढलं तरी निघायचं नाही! महिन्यापूर्वी रस्त्यात त्यांच्या पायाला खिळा टोचला. कुणाचा, कुठल्या कामातला, कुणालाच सांगता येईना. झालं! दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला: सरकारी कामाला मोहरीएवढी वस्तू लागली तरी तिची चिठ्ठी लिहायची, कुठल्या कामी लागली ते मांडायचं, आणि वर महाराजांची मोहोर घ्यायची!

तेव्हापासून रखमाजी सुतार एक खिळा ठोकायचा आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीसाठी ताटकळायचा. तोंडात मूठभर खिळे धरून काम करायची जन्माची सवय, तीही सुटली बिचाऱ्याची.

"कुठं गेला खिळा?" राजे रखमाजीवर गरजले.

"मला काय ठाव, महाराज? वाकला असंल, पडला असंल. खिळाच तो!"

"खिळाच तो? बरं! माझं जेवण होऊन हात धुवायच्या आत तो खिळा हजर कर. नाहीतर तुझी करवत, पटाशी, रंधा, सगळी हत्यारं जप्त! पुन्हा लाकडाला हात लावायचा नाही!"

रखमाजीचं तोंड एवढंसं झालं. रंधा तर त्याच्या आज्याचा होता.

त्याची लेक गोजरा राजाच्या मुदपाकखान्यात फोडणीला असायची. बापाची भाकरी घेऊन ती नेमकी तिथं आली होती. बापाचे डोळे भरलेले बघितले आणि ती पुढं झाली.

"जेवण होऊन हात धुवायच्या आत ना, महाराज?"

"शब्द आहे माझा!"

"मग बेस झालं," म्हणाली, आणि तडक चुलीकडे गेली. जाताना म्हणते कशी, "पंत, तुम्ही पण चला. तुमचं काम आहे."

दुपार झाली. राजे पाटावर बसले. ताट आलं, ताटात भात आला, भाताचा डोंगर निवायला लागला. आमटीचा पत्ता नाही!

"आमटी कुठाय?"

गोजरा दारात आली. "तेल तापलंय, महाराज. मोहरीच्या चिठ्ठ्या चालल्यात."

"मोहरीच्या?"

"मोहरीएवढी वस्तू म्हणालात ना? मोहरीएवढं मोहरीहून दुसरं काय असणार? चिमटीत एकशे तीस दाणे आलेत. बत्तीस लिहून झाले, तेवढ्यांवर मोहोर उठवा की!"

आता आपलाच हुकूम, नाही कसं म्हणायचं? राजे उठून मुदपाकखान्यात गेले. पंत धुरात डोळे पुसत लिहीत होते, पण मोठ्या हौसेनं! "मोहरी, दाणा एक, आमटीच्या कामी." लिहिलं की राजे थप्प करून मोहोर उठवायचे, आणि पंत ती चिठ्ठी आपल्या लाकडी ठोकळ्यावरच्या खिळ्यात खुपसायचे. ठोकळ्याच्या बुडातून वर टोक काढलेला खिळा तो. ठोकळा सदा पंतांच्या बगलेत.

गोजरानं ठोकळ्याखाली वाकून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग पदराआड हसली.

थप्प! थप्प! थप्प! सत्तेचाळिसावा दाणा पळीतून टुणकन उडाला तो थेट राजांच्या मिशीत!

"एक दाणा कमी!" पंत ओरडले. "मोजणी पुन्हा पहिल्यापासून!"

"आणि अजून जिरं राहिलंय," गोजरा म्हणाली. "मग हिंग. हिंगाचे कण मोजायला बारीक नजरेचा माणूस लागंल हो, पंत."

राजांच्या पोटात कावळे कोकलत होते. मोहोर चुलीपाशी आपटून ते ओरडले, "अगं, मोहरी कुणी मोजतं का? चिमटीनं घालायची! आमटीला लागली, आमटीत गेली!"

"अन् डब्यातली संपत आली म्हंजे?"

"तळ दिसायला लागला की डबा भरायचा! फोडणी करतेस आणि एवढं कळत नाही?"

"कळतं की. माझ्या बापालाबी कळतं. खिळ्यांचा तेवढा डबा नाही दिलात तुम्ही त्याला."

राजांची मिशी थरथरली, मोहरीचा दाणा खाली पडला. पण हट्ट तो हट्ट!

"ते असू दे! माझा खिळा कुठाय?"

"पंत, जरा ठोकळा द्या बघू."

गोजरानं ठोकळा उलटा करून राजांपुढं धरला. बुडाला खिळ्याचं डोकं दिसत होतं. चौकोनी! त्यावर खडूचा ठिपका तेवढा नव्हता.

"हा सहाशेवा. मेण्याच्या सगळ्या खिळ्यांच्या चिठ्ठ्या ह्याच खिळ्यात टोचल्यात, महाराज. ह्याची चिठ्ठी कुठाय, पंत?"

विसाजीपंतांचा चेहरा भातासारखा पांढरा पडला. "ते... चिठ्ठ्या उडायच्या वाऱ्यानं... म्हणून एक घेतला... म्हणजे... खिळाच तो!"

राजांनी एकदा पंतांकडे बघितलं, एकदा खिळ्याकडे, आणि असे हसले, असे हसले की चुलीपाशी बसकणच मारली! हसता हसता त्यांनी मूठभर चिठ्ठ्या चुलीत कोंबल्या. रखमाजीची हत्यारं तर राहिलीच, वर खिळ्यांनी भरलेलं मोठं घंगाळ कारखान्यात ठेवायचा हुकूम झाला: लागेल तेवढे घ्या, तळ दिसला की भरा! गोजराला चांदीचा मिसळणाचा डबा मिळाला, मोहरीसकट.

डबा हातात घेऊन ती अदबीनं म्हणाली, "महाराज, ह्याची चिठ्ठी?"

"पोरी," राजे पोट धरून म्हणाले, "आधी आमटी वाढ!"