एका टोल्याची मागणी

त्या राज्यात शांतता हा आजार समजला जाई.

पूर्वी तसं नव्हतं. चर्चच्या मनोऱ्यातली घंटा लग्नाला, बारशाला, सुगीला खणखणत सुटे. कुणी गेलं की मात्र एकच टोला पडे, आणि त्याचा नाद विरेपर्यंत जो जिथे असेल तिथे मान खाली घालून उभा राही. दोरी ओढायचं काम एस्तेर नावाच्या म्हाताऱ्या घोडीकडे होतं.

राज्य करणाऱ्या कोल्ह्यांना हे उभं राहणं खुपू लागलं. उभी राहिलेली प्रजा विचार करते, आणि विचार करणारी प्रजा कोणत्या कोल्ह्याला हवी असते? फर्मान निघालं: यापुढे घंटा फक्त आनंदाची. मग काय विचारता! थोरल्या कोल्ह्याला शिंक आली, वाजवा घंटा. त्याने शेपूट विंचरली, वाजवा घंटा. मेंढरं कारण न विचारता नाचत. मेंढरंच ती!

एस्तेरला हे पटलं नव्हतं, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. 'आनंदरक्षक' असा बिल्ला मिळाला, तो तिने गळ्यात मिरवला. शेजारच्या गायीचा बैल गेला तेव्हा गायीने रडत एक टोला मागितला. "फर्मान आहे गं बाई," म्हणत हिने मान फिरवली.

मग तिचा घोडा शांतवन गेला. जन्मभर दोघांनी एका गव्हाणीत तोंड घातलं होतं. त्याच्यासाठी तिला एकच टोला हवा होता. तिने बिल्ला भिरकावला, दोरी दातांत धरली आणि सगळा जीव लावून एकदाच ओढली. नाद डोंगरापर्यंत गेला. एस्तेर डोळे मिटून उभी राहिली.

खाली मेंढरंही थांबली, पण तोंडं वर करून. दुसरा टोला कधी पडतो याची वाट बघत.

"एस्तेरकाकू, दोरी अडकली का गं?" एक ओरडलं.

"काकू थकल्या! चला, हात लावू!" म्हणत दोन माकडं मनोऱ्यावर चढली, तिला बाजूला सारून दोरीला लोंबकळली. घंटा खणखणू लागली, वाजंत्री आली.

एस्तेर धडपडत घरी पोचली तेव्हा दारात फेर रंगला होता. आनंद कसला, कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांची तोंडं गोड झाली होती. एकटा शांतवनच राहिला होता, म्हणून कुणीतरी मोठ्या प्रेमाने त्याचे थंड ओठ फाकवून आत पेढा कोंबला.