राक्षसिणीचं आधण

परी म्हणे बागेतच भेटते! कुणी सांगितलं हो तुम्हाला? सुरंगीला भेटली ती मिठागरात, जिथं गवताची काडीसुद्धा उगवत नाही.

सुरंगी आणि तिची आई तिथं मीठ ओढायच्या. पायांना भेगा, भेगांत मीठ, आणि प्यायला गोडं पाणी म्हणाल तर दिवसाला एक चंबू! त्यात त्या दिवशी आई तापानं फणफणली होती. धाकटी बहीण बकू चिंबोऱ्यांची इवली इवली पिल्लं बघत खाडीकाठच्या तिवरांच्या काळ्या रानात शिरली, आणि तिथल्या राक्षसिणीनं तिला उचलून नेलं. थोड्याच वेळात रानातून धूर निघू लागला. राक्षसिणीनं चूल पेटवली होती.

बकूला तहान लागली असेल म्हणून सुरंगीनं चंबू उचलला आणि ती रडत रडत पळत सुटली.

शेवटच्या वाफ्यात पाणी गुलाबी झालं होतं, कडेला मिठाचे कण चमचम करत होते. त्यात काहीतरी फडफडलं. बोटाएवढी परी! तिच्या चिमुकल्या निळ्या पंखांवर मिठाची खपली धरली होती.

"पोरी, गोडं पाणी घालतेस गं?"

सुरंगीनं क्षणभर चंबूकडे पाहिलं, आणि सगळं पाणी तिच्या पंखांवर ओतलं.

"माग, काय हवं ते," परी म्हणाली.

"माझी बकू आणून द्या!"

"बाळा, माझी सत्ता फक्त मिठावर." परीनं एक लुकलुकती पुरचुंडी दिली. "मिठानं पाणी लवकर उकळत नाही, उलट जरा उशीरच लागतो. पण तापून गप्प बसलेल्या आधणात हे एकदम पडलं, की ते उसळून चूल विझवतं. अट एकच. चुलीजवळ जो असेल त्याला आधी सावध करायचं, मग तो वैरी का असेना. नाही केलंस, तर हे मीठ नुसती माती."

रानात भरदुपारी अंधार होता. हंडा केवढा, तर बैलगाडी मावेल! बाजूच्या फांदीला टांगलेल्या टोपलीत बकू मुसमुसत होती. सुरंगी चुलीकडे सरकली.

"कोण गं तू?" राक्षसीण गुरगुरली. "हे मेलं पाणी उकळत का नाही? आणि हातात काय ते? मीठ! आण इकडं. मिठानं आधण लवकर येतं."

तिनं पुरचुंडी हिसकावली. सुरंगी विचारात पडली. सांगितलं आणि हिनं मीठ टाकलंच नाही तर? बकू गेलीच! पण न सांगून तरी कसं चालेल? तिनं डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "मावशी, मागे सरा! पाणी उसळेल!"

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा चुलीपुढं!" राक्षसिणीनं सगळं मीठ ओतलं. पण का कोण जाणे, एक पाऊल ती मागे सरली.

फस्स्स! पाणी फेसाळत वर आलं, काठावरून धो धो सांडलं आणि चूल विझली. जिथं ती आधी उभी होती, तिथली माती वाफाळत होती.

राक्षसीण मटकन खाली बसली. "मला सगळे 'मर मेले' म्हणतात गं," ती हळूच म्हणाली. "'मागे सरा' कुणी म्हटलंच नव्हतं." तिनं स्वतःच्या हातानं टोपली उतरवली. बकू ताईच्या गळ्यातच पडली.

वाटेत परी उभी होती. तिनं रिकाम्या चंबूत वाफ्यातलं खारं पाणी भरायला लावलं आणि बोट लावून त्यातलं सगळं मीठ ओढून घेतलं. चंबू गोड्या पाण्यानं भरला आणि पुढं कधी आटलाच नाही. ते पाणी पिऊन आईचा तापही उतरला. परी मात्र मिठाच्या राशीवर लखकन चमकली आणि त्या पांढऱ्या उजेडात दिसेनाशी झाली.

अजूनही सुरंगी आधणात मीठ घालताना आधी म्हणते, "मागे सरा गं!" घरात कुणी नसलं तरी म्हणते. आणि खिडकीबाहेर, तिवरांच्या रानात, कुणीतरी एक पाऊल मागे सरतं.