विसाजीपंतांची पतपट्टी

करवंदगडचे खजिनदार विसाजीपंत यांनी कर्जदाराची पत मोजायची एक पट्टी शोधून काढली. गेल्या वर्षी शंभर विणकरांना खजिन्यातून कर्ज दिलं, तेव्हा कोण फेडणार, कोण बुडवणार हे त्यांनी आधीच लिहून मोहोरबंद केलं होतं. वर्षाअखेर कागद उघडला आणि पंत फुलले.

"महाराज, शंभरातले ब्याण्णव अंदाज खरे! यंदा पट्टी ज्याला बुडवा म्हणेल, त्याला दमडीही नको."

पट्टीने चार बुडवे ठरवले होते. त्यांत हौसा कोष्टीण होती. बाईने कर्ज वेळेत फेडलं होतं. यंदा सुताला पैसे मिळाले नाहीत, तर तिचा माग बंद पडणार होता. ती तडक दरबारात आली.

"पंत, खरोखर बुडवलं किती जणांनी?"

"चौघांनी."

"त्यांतले तुम्ही किती ओळखले होते?"

पंतांनी पागोटं सारखं केलं. "एकही नाही. पण ब्याण्णव..."

"मी डोळे मिटून 'सगळे फेडतील' म्हटलं असतं, तरी माझे शहाण्णव खरे झाले असते!"

राजा हसला. "पंत, हिला बुडवी कशावरून ठरवलंत?"

"महाराज, पट्टीने बुडवे ठरवलेल्या हिच्यासकट चौघांनी कर्ज घेताना व्याजावरून तासभर हुज्जत घातली होती."

"घालणारच!" हौसा म्हणाली. "आम्हाला ते भरायचं होतं. ज्यांना भरायचंच नव्हतं, त्यांनी तुम्ही सांगाल त्या व्याजावर निमूट अंगठा उठवला."

राजाने तिचं कर्ज तिथल्या तिथे मंजूर केलं. व्याज ठरायला मात्र संध्याकाळ झाली.