सहा बोटांचं पाऊल

हं, कडी वाजतेय ती वाऱ्यानं. घाबरायचं काय त्यात? ऐका.

एक होतं गाव. गावाला रोगाची भारी धास्ती. मग काय करायचे, बरं का, दर आषाढात एक छोटा गाडा सजवायचे. गाड्यात लिंबाचा पाला, दहीभात आणि लाकडाची बाहुली. ती बाहुली म्हणजे देवी. गाडा शिवेवर न्यायचा, पलीकडे ढकलायचा, की इडापिडा गेली. आणि देवीला पाठ दाखवायची नाही, म्हणून सगळे उलटे चालत घरी यायचे. वर्षभर पुन्हा त्या वाटेला कुणी फिरकत नसे.

पलीकडे माणसं राहायची. पाहिली होती कुणी? कुणीच नाही! पण एक म्हणे, त्यांची नखं विळ्याएवढी. दुसरी म्हणे, ती पोरं खातात. आणि पाटलाच्या पायाला सहा बोटं, तो म्हणे, त्यांचे पाय उलटे असतात.

एकदा काय झालं, बायजाची छोटी लेक गोदी गाड्यात चढली. दहीभात खाल्ला आणि पाल्याखाली झोपली. गाडा ढकलला की पलीकडे! बायजा घरी येऊन बघते, तर गोदी नाही. ती तशीच शिवेकडं निघाली.

पाटील म्हणाला, "तिकडं गेलेलं परत आणायचं नाही. तू गेलीस तर तूबी तिकडचीच."

बायजा धावत सुटली. पलीकडे बघते तर काय, अंगणात एक म्हातारी गोदीची वेणी घालतेय. बाजूला गावानं हाकललेल्या सगळ्या बाहुल्या बसलेल्या, खाऊन खाऊन गुबगुबीत झालेल्या.

बायजाला बघून म्हातारी किंचाळली. मग वाकून पाय बघायला लागली. "अगं बया, सरळ हायेत! तुम्ही घरी जाता, पन चिखलात एकबी पाऊल घराकडं तोंड केलेलं उमटत नाही. आम्हाला वाटलं, तुमचे पाय उलटे."

"आणि या देव्या?"

"दारात आलेल्या बाईला हाकलायचं कुठं? जेवू घालतो."

बायजाला रडूच आलं. गोदीला कडेवर घेऊन ती परतली, तर वेस बंद.

पाटील वेशीवरून ओरडला, "पाय दाखव पोरीचे!"

गोदी चिखलात चालली. पाय सरळ.

"आज सरळ हायेत. उद्या उलटतील."

मग बायजा भडकली. "हे सहा बोटांचं पाऊल कुनाचं, पाटील? शिवेपासून वेशीपर्यंत अशीच पावलं उमटलीत, आणि बोटं सगळी पलीकडं. उलट्या पायांनी घरी कोन आलं?"

जो तो खाली मान घालून आपले पाय बघायला लागला. मग कुणीतरी हळूच वेस उघडली.

गोदी घरी आली, जेवली, आईच्या कुशीत झोपली. पुढच्या आषाढात देवीला गावातच जेवायला बसवलं, आणि सगळे सुखानं राहिले. पाटील मात्र चालताना सारखा मागे वळून बघायचा.

काय गं, पांघरुणातून पाय का काढलास? सरळच आहेत तुझे. झोप आता.