नोलिना आणि लावा पक्षीण

वाळवंटात माणसाची पहिली वाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे नोलिना नावाची एक चिवट वनस्पती राहायची. तिची पाती दिसायला गवतासारखी, पण कडा करवतीसारख्या. जो तो तोंड घालायचा, ओठ कापून घ्यायचा आणि वर तिलाच बोल लावायचा, "कसलं मेलं हे गवत!"

"अरे, मी गवत नाही!" हे सांगून सांगून नोलिना वैतागली होती.

एका दुपारी एक लावा पक्षीण पिल्लांना घेऊन धावत आली. "गवतबाई, वर ससाणा आहे हो! पोरांना लपवता का?"

"मी गवत ना..." नोलिनाने पुढचे शब्द गिळले. "आधी आत या!"

त्या पात्यांत शिरायला ससाणा बिचकला आणि निघून गेला.

"फार उपकार झाले, गवतबाई," पक्षीण म्हणाली.

नोलिना चरफडली. "जाऊ दे! पिल्लं सगळी आहेत ना, ते बघ."