प्रोजेक्टरचा हार

यंत्रं माणसांशी बिनदिक्कत बोलायची, त्या काळी एका वाचनालयात नवा प्रोजेक्टर आला. शिडीच्या आधाराने माणसांनी त्याला छताला बसवलं, स्क्रू आवळले, पडू नये म्हणून साखळीही लावली. खंडेनवमीला ग्रंथपाल मंदाकिनीबाईंनी यंत्रांची पूजा मांडली.

"सगळ्यांत वर मी, तेव्हा सगळ्यांत मोठा हार मला," प्रोजेक्टर म्हणाला. बाईंनी झेंडूचा भरगच्च हार त्याला घातला.

शिडी खालून म्हणाली, "अरे, तुझ्या हवेच्या जाळ्या झाकल्या गेल्या. गुदमरशील."

"तुला हार मिळाला नाही, म्हणून जळतेस!"

संध्याकाळी गावाचे जुने फोटो बघायला सभागृह भरलं. पडद्यावर सरपंचांचे आजोबा उमटले आणि त्यांच्या तोंडावर झेंडूची भलीमोठी सावली. लोक खो-खो हसले. प्रोजेक्टर आतून तापत होता, पण हार काढा म्हणायची लाज वाटली. शेवटी जळका वास सुटला आणि अंधार झाला.

"अगंबाई, आधी तो हार काढा!" बाई ओरडल्या. शिडीच धावून आली.

गार झाल्यावर प्रोजेक्टर तिला म्हणाला, "एवढा उजेड घेऊन आलो आणि जगाला दाखवलं काय, तर स्वतःचा हार!"

पुढच्या खंडेनवमीला बाई हार घेऊन आल्या, तेव्हा तो म्हणाला, "हार शिडीला घाला. मला कुंकवाचं एक बोट पुरे."

बाईंनी बोट पुढे केलं, तसा तो किंचाळला, "भिंगाला नको, बाई!"